सलाइनमधली आशा

लायनस पाउलिंग म्हणजे दोन नोबेल मिळवलेला माणूस. त्यानेच ‘क’ जीवनसत्त्वाची तळी उचलल्यावर शंका घेणार कोण? १९७६ मध्ये स्कॉटिश सर्जन ईवान कॅमेरॉन यांच्यासह त्यांनी लिहिले की, अखेरच्या टप्प्यातले कर्करुग्ण याने अधिक जगले. पण तुलना होती जुन्या नोंदींतल्या रुग्णांशी! मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडले, तेव्हा गुण दिसला नाही.

पाउलिंग यांची एक तक्रार मात्र रास्त होती. कॅमेरॉन सुरुवातीला शिरेतून औषध देत, मेयोने ते तोंडाने दिले. शिरेतून दिल्यास रक्तातले प्रमाण कितीतरी पट चढते. म्हणून पुन्हा चाचण्या झाल्या. आयोवा विद्यापीठाच्या २०२४ च्या चाचणीत स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाचे ३४ रुग्ण होते. सलाइनवाल्या गटाचे मध्यक आयुर्मान सुमारे १६ महिने, इतरांचे ८. आशादायक खरे, पण रुग्ण अवघे ३४. चीनमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ४४२ रुग्णांत (२०२२) एकंदर फरक पडला नाही.

आणि दोन्हीकडे केमोथेरपी चालूच होती. ‘केमो सोडा, हे घ्या’ म्हणणारे नेमके तेवढेच गाळतात. मूत्रपिंड अधू आहे का, जी-६-पीडीची तपासणी झाली का, हेही ते विचारत नाहीत. सलाइन लावण्याआधी घरच्यांनीच ते विचारावे.