विश्लेषण : वेबसाइट प्लगइनबद्दल ग्राहकाची तक्रार आता कायद्याचा विषय? युरोपचा नियम छोट्या डेव्हलपरना कसा लागू होतो?

सोलापूर-विजयपूर महामार्गावरील मंद्रूपमध्ये बसून एखाद्या तरुणाने वेबसाइटसाठी प्लगइन तयार करणे आणि ते जर्मनीतील दुकानदाराला विकणे आज अशक्य नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि कोडिंगचे ज्ञान एवढे भांडवल त्याला पुरते. खरी कसोटी विक्रीनंतर सुरू होते. ‘तुमच्या प्लगइनमुळे माझी साइट बंद पडली’ असा मेल आला तर त्याला उत्तर कोणी, कधी आणि काय द्यायचे? आतापर्यंत हा प्रश्न सौजन्याचा आणि व्यवसायाचा होता. युरोपीय संघाच्या ‘सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट’मुळे तो कायद्याचाही झाला आहे.

प्लगइन म्हणजे काय?

तयार वेबसाइटला एखादी जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. ऑर्डरचा फॉर्म, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय, फोटोंची गॅलरी अशी कामे प्लगइन करते. जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीवर चालतात. तिच्या अधिकृत संग्रहात हजारो मोफत प्लगइन आहेत. या क्षेत्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. लाखो साइटवर वापरली जाणारी ‘अ‍ॅस्ट्रा’ ही थीम पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीची. ‘आरटीकॅम्प’ ही वर्डप्रेसवर काम करणारी नावाजलेली कंपनीही पुण्याचीच. मात्र अनेक प्लगइनच्या मागे कंपनी नसते. एकच व्यक्ती कोड लिहिते आणि तीच तक्रारींना उत्तरेही देते.

अभिप्रायाला एवढे महत्त्व का?

वर्डप्रेसच्या संग्रहात प्रत्येक प्लगइनच्या पानावर तारांकित मूल्यांकन, शेवटच्या अपडेटची तारीख आणि गेल्या दोन महिन्यांत किती तक्रारी सुटल्या याची नोंद दिसते. नवा ग्राहक आधी तेच पाहतो. एक तारा देणारा अभिप्राय डेव्हलपरला स्वतः काढून टाकता येत नाही. त्याला फक्त उत्तर देता येते. पैसे देऊन किंवा बनावट खात्यांतून चांगले अभिप्राय लिहून घेण्यास तेथे मनाई आहे. म्हणजे पत राखायची तर उत्तर देणे हाच मार्ग उरतो.

याहून मोठे कारण सुरक्षेचे आहे. २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख साइटवर असलेले प्लगइन मूळ लेखकाने विकले. नव्या मालकाने त्यात छुपा कोड घातला. वापरकर्त्यांच्या तक्रारींनंतर ते संग्रहातून एकदा नव्हे, चार वेळा काढावे लागले. कंपनीकडे सुरक्षा विभाग नसला तरी वापरकर्ते असतात. धोक्याची पहिली खूण बहुधा त्यांनाच दिसते.

युरोपचा कायदा नेमके काय सांगतो?

हा कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्याच्या बंधनांचा पहिला मोठा टप्पा ११ सप्टेंबर २०२६ चा, तर पूर्ण अंमलबजावणीची तारीख ११ डिसेंबर २०२७ आहे. युरोपच्या बाजारात व्यावसायिक हेतूने आणलेले सॉफ्टवेअर त्याच्या कक्षेत येते, मग ते कोणत्याही देशात तयार झालेले असो. एखाद्या सुरक्षा त्रुटीचा गैरफायदा प्रत्यक्ष घेतला जात असल्याचे निर्मात्याला कळले, की २४ तासांत प्राथमिक सूचना आणि ७२ तासांत सविस्तर माहिती द्यावी लागते. दुरुस्ती उपलब्ध झाल्यावर १४ दिवसांत अंतिम अहवाल द्यायचा असतो.

ग्राहकाच्या दृष्टीने दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची आहे. वापरकर्त्याला थेट आणि लवकर संपर्क साधता येईल असे एक ठिकाण निर्मात्याने जाहीर करायचे आहे आणि ते केवळ स्वयंचलित साधनांपुरते मर्यादित ठेवता येणार नाही. थोडक्यात, चॅटबॉट बसवला म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही.

छोट्या डेव्हलपरचे काय?

केवळ हौसेने, कोणताही व्यवसाय न करता दिलेल्या मुक्त प्लगइनवर ही बंधने नाहीत. पण मोफत आवृत्ती देऊन तिच्या आधारे सशुल्क आवृत्ती विकली, तर तो व्यवसाय ठरू शकतो. गंभीर उल्लंघनाला १.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २४ तासांची मुदत चुकल्याबद्दलच्या दंडातून सूट आहे, पण कळवण्याची जबाबदारी कायम राहते. म्हणूनच एकट्या डेव्हलपरसमोरचा प्रश्न साधा आहे : आपण आजारी असू, गावाला गेलेलो असू, तेव्हा तो मेल कोण वाचणार?

तक्रारींचा दबावही धोकादायक ठरतो का?

होय. ‘एक्सझेड’ हे प्लगइन नाही, पण असंख्य सर्व्हरवर असलेले हे छोटे साधन वर्षानुवर्षे एकच व्यक्ती सांभाळत होती. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांतून ‘काम संथ आहे, दुसऱ्याकडे द्या’ अशा तक्रारी सुरू झाल्या. थकलेल्या देखभालकर्त्याने ‘जिया टॅन’ या नावाने मदत करणाऱ्याला हळूहळू अधिकार दिले. त्याच नावाच्या खात्यातून साधनात चोरदरवाजा बसवण्यात आला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड झाला. प्रत्येक तक्रार ऐकलीच पाहिजे, पण तक्रारींच्या रेट्याखाली चाव्या कोणाच्याही हाती देता कामा नयेत, हा त्यातला धडा.

मग व्यवस्था कशी हवी?

दोन दरवाजे वेगळे हवेत. ‘सेटिंग कुठे आहे’ असे प्रश्न सर्वांसमोर सोडवावेत, म्हणजे पुढच्याला तेच उत्तर मिळते. सुरक्षा त्रुटीसाठी मात्र खासगी ईमेल असावा. दुरुस्तीआधी ती जाहीर झाली तर हल्लेखोरांना आयती वाट मिळते. भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेकडेही अशा त्रुटी कळवता येतात.

तक्रार सुटायला वेळ लागणार असला तरी ‘मेल मिळाला, तपासतो आहे’ एवढे उत्तर लगेच द्यावे. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला तर चूक बहुतेक त्या दहा जणांची नसते. स्क्रीनवरची सूचना बदलायला हवी. नव्या सोयीची मागणी मान्य नसेल तर खोटी आशा न दाखवता स्पष्ट नकार द्यावा. सुट्टीच्या काळात सुरक्षेचे मेल पाहणारी दुसरी विश्वासू व्यक्ती आधीच ठरवून ठेवावी.

वापरकर्त्याने काय करावे?

‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांवरून दोष सापडत नाही. प्लगइन आणि वर्डप्रेसची आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे लिहून स्क्रीनशॉट जोडावा. त्यात ग्राहकांचे फोन नंबर दिसत नाहीत ना, हे पाहावे आणि पासवर्ड कधीही उघडपणे देऊ नये. एक तारा देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण सोबत नीट लिहिलेली तक्रार असेल, तर त्याच बिघाडातून इतरांच्या साइटही वाचतात.