वहीवरची लाल शाई कुणाची?

अभ्यासवर्गात पंधरा मिनिटांत खरडलेलं पान अंकात घ्यायचं, तर त्यात किती हात घालायचा? वरून हा प्रूफं तपासणाऱ्याचा प्रश्न वाटतो. आहे मात्र सत्तेचा. पेन कुणाच्या हातात आणि पान कुणाचं, एवढाच.

महाळुंगे पडवळ घ्या. तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. बाबू गेनूचं गाव. हा गिरणीकामगार 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि चिरडून मेला. त्याचं मरण इतिहासात गेलं. तो ज्या बोलीत वाढला ती मात्र शाळेच्या वहीत अजून चूक ठरते. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात माणूस 'माझं' म्हणत नाही, 'मपलं' म्हणतो. 'तुझं' नाही, 'तुपलं'. आता समजा, तिथल्या बौद्धवाड्यातली एक पोरगी लिहिते : "मपल्या आईनं पाटलाच्या मळ्यात कांदं काढलं. पैसं मागाया गेली तं म्हन्ला उद्या ये." आपला शहरी संपादक चष्मा पुसतो आणि दुरुस्त करतो : "माझ्या आईने केलेल्या कामाची मजुरी देण्यास शेतमालकाने टाळाटाळ केली."

झालं शुद्ध. आणि मेलंही. पाटील गेला, कांदे गेले, तो 'उद्या' गेला. पिढ्यान् पिढ्या न उजाडलेला उद्या. उरली 'टाळाटाळ'. हा शब्द तहसील कचेरीतल्या अर्जाचा, तिच्या आईच्या तोंडचा नव्हे.

शुद्ध-अशुद्ध हे शब्दच बघा ना. पाणवठ्यावर जे ऐकवलं, तेच व्याकरणाच्या तासाला. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

1962 साली सरकारनं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य केले. 1972 ला चार वाढवले, एकूण अठरा. त्यात एक नियम गमतीचा आहे. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाबरहुकूम छापावं, नंतरचं सगळं नियमाप्रमाणे. चिपळूणकरांची निबंधमाला 1874 ची. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली मातंग पोरगी मुक्ता साळवे, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'नं छापला 1855 ला. म्हणजे मुक्ताच्या अक्षराला हात लावायचा नाही, नियमच सांगतो. ती लवकर जन्मली म्हणून वाचली. आजच्या पोरीनं काय करावं?

आणि मुक्ताचा निबंध होता तरी काय? शाळकरी पोरीचं लिखाण. छपराशिवाय, पावसात बाळंत होणाऱ्या बायांचं दुःख त्यात आहे. आमचा धर्म कुठला, हा सरळ सवाल त्यात आहे. कुणी सज्जन मास्तरानं 'विषय जरा सौम्य कर बाळ' म्हटलं असतं, तर दीडशेवर वर्षांनी आपण काय वाचलं असतं?

पण दोस्तांनो, आता दुसरी बाजू. आपल्यातच काही जहाल मंडळी आहेत, त्यांना स्वल्पविरामसुद्धा बामणी वाटतो. पोरानं 'आंबेडकर' लिहिताना अनुस्वार विसरला, तरी तसंच छापा म्हणतात, अस्सल आहे! कसलं अस्सल? पेठेतल्या लेखकाची चूक चार जण प्रूफात काढतात, राहिली तर तो मुद्रणदोष. आमच्या पोराची चूक म्हणजे वास्तववाद. ही कौतुकाची अस्पृश्यता झाली. बोली आणि हातचूक यातला फरक ज्याला कळत नाही, त्यानं अंक काढू नये. 'मपलं' ही बोली. घाईत गळलेला काना ही हातचूक. ती सुधारावी, न विचारता सुधारली तरी हरकत नाही.

पुन्हा लिहिणं म्हणजे प्रस्थापितांपुढं वाकणं, हेही खूळच. बाबासाहेब 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीसुद्धा 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेवर काम करत होते. शेवटच्या रात्री! मसुद्यावर मसुदा करणारा माणूस होता तो. फक्त पेन त्याचं होतं. पोरीला सांगा, हे वाक्य लांबलंय, इथं मला कळलं नाही. कापायचं की ठेवायचं ते ती बघेल. तेंडुलकरांनी 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिली, ती शब्द बदलायला लावून नव्हे. वाचकाला शब्द अडला तर अडू द्या, त्याला थोडं चालू द्या आपल्याकडं.

एका ठिकाणी मात्र कात्री हवीच. नावं. अंक मुंबई-पुण्यात वाचला जातो, पोरगी गावात राहते. आज अंक लागत नाही, पानाचा फोटो मोबाईलवर संध्याकाळच्या आत पाटलाच्या ओट्यावर जातो. क्रांतीचा जयजयकार आपण करायचा आणि सकाळी मजुरी तिच्या आईची बंद व्हायची, हा धंदा नको. नाव काढा, मळ्याची खूण काढा, पण तिला विचारून. 'राहू द्या नाव' म्हणाली तर अंक काढणाऱ्यानं तिच्या दारात उभं राहायची तयारी ठेवावी. नसेल तर तसं तोंडावर सांगावं.

आणि ती 'छापूच नका' म्हणाली तर? सराव हा सराव असतो, सगळंच चव्हाट्यावर आणायचं नसतं. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' घरच्यांपासूनसुद्धा लपवून लिहिलं, वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. पुस्तक आलं 1986 ला, त्यांनी ठरवलं तेव्हा. तेव्हा वही परत करा. झेरॉक्स काढून न ठेवता.