कंचा म्हणजे गायरानच की!



२०२५ सालचा गुढीपाडवा ३० मार्चला आला होता. आपण दारात गुढ्या उभारल्या, कडुनिंबाची पाने चावली, सालगड्यांचे नवे साल ठरवले. त्याच दिवशी शेजारच्या तेलंगणात उगादी होती आणि दुसऱ्या दिवशी ईद. कचेऱ्या बंद, कोर्ट बंद. नेमके हेच दिवस गाठून हैदराबाद विद्यापीठाच्या आवारालगतच्या ४०० एकर रानात झाडे पाडणारी यंत्रे शिरली. रात्रीसुद्धा दिवे लावून काम चालू राहिले. वसतिगृहातली पोरे-पोरी आडवी गेली, तर पोलिसांनी पन्नासहून अधिक जणांना गाड्यांत घालून नेले. पुढे त्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला.

त्या आठवड्यात मी एका गावात सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासायची ते दाखवायला गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले, चहा आला, आणि एका तरुणाने मोबाइलवर तिथले दृश्य दाखवले. पाहून एक गृहस्थ चिडून म्हणाले, "शिकायला गेलेत का झाडं राखायला? आईबाप इकडं कर्ज काढून पैसे धाडतात." खरे सांगतो, माझ्याही मनात तसेच काहीसे आले होते. पण कोपऱ्यात बसलेल्या एका आबांनी विचारले, "त्या जागेचं नाव काय म्हणालास रं?" पोरगा म्हणाला, "कंचा गच्चीबावली." आबा हसले. "अहो सायब, कंचा म्हंजे गायरानच की! तिकडचे मेंढकं आमच्याकडं मेंढ्या बसवायला यायचे, ते असंच म्हणायचे."

आबांचे बरोबर होते. तेलंगणात चराऊ रानाला कंचा म्हणतात. आपला मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा हा शब्द आपल्याला तसा परका नाही. नाव कळल्यावर पारावरची बोलण्याची तऱ्हाच बदलली. विद्यार्थ्यांचे भांडण म्हणून ज्याच्याकडे पाहत होतो, ते एकदम गावातले झाले.

आता या जमिनीची हकिकत ऐका. १९६९ साली तेलंगणात मोठे आंदोलन झाले, त्यात विद्यार्थीच पुढे होते. पुढे १९७३ मध्ये सहा कलमी तोडगा निघाला आणि त्यातून १९७४ साली हे केंद्रीय विद्यापीठ उभे राहिले. त्याला सुमारे २३०० एकर रान मिळाले. त्या वेळी ते शहराबाहेर होते. नंतर भोवती संगणक कंपन्यांच्या उंच इमारती आल्या आणि एकरी भाव आपल्या कल्पनेपलीकडे गेला. २००४ च्या सुमारास यातली ४०० एकर जमीन क्रीडासंकुलासाठी एका खासगी कंपनीला देण्यात आली. २००६ मध्ये पुढच्या सरकारने तो व्यवहार रद्द केला, कंपनी कोर्टात गेली, आणि २०२४ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. सरकारचे म्हणणे असे की जमीन आमची आहे, विद्यापीठाला बदल्यात दुसरीकडे जमीन दिलेली आहे, आणि इथे उद्योग आले तर लाखो नोकऱ्या निघतील. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपलीच मुले नोकरीसाठी हैदराबाद-पुण्याची वाट धरतात.

पण भावाभावांच्या वादात अडकलेल्या शेताचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. नांगर फिरत नाही, बांधावरच्या बाभळी आत येतात, चार वर्षांत तितर-ससे दिसू लागतात. इथे तर वीसेक वर्षे गेली. खडकांच्या मोठमोठ्या शिळा, त्यांच्या बेचक्यांत तांबडी हलकी माती, आणि त्यावर झाडझाडोरा. मोर, चितळ, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली कासवे आणि दोनशेहून अधिक जातींचे पक्षी या आवारात नोंदले गेले आहेत. जवळच तळी आहेत.

पाण्याचा हिशेब तर आपल्या बोटांवर करता येतो. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साधारण ४००० लिटर पाणी पडते. एका चांगल्या सरीत २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० एकरांवर ४ कोटी लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे ४००० टँकर. गवत-झुडपे असली की यातले बरेचसे पाणी थबकते, मुरते, सावकाश तळ्यात उतरते. वर डांबर आणि काँक्रीट आले की तेच पाणी अर्ध्या तासात खालच्या वस्तीत शिरते आणि उन्हाळ्यात तीच वस्ती टँकरसाठी रांग लावते. पाणलोटाच्या शिबिरात आपण हेच शिकवतो. शहरात गेल्यावर पाणी आपला स्वभाव बदलत नाही.

सरकारी बाजूचा मोठा मुद्दा होता की कागदोपत्री हे जंगलच नाही. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावाच्या जमीन वापराचा तक्ता भरायचे काम माझ्याकडे आले होते. गायरानाच्या रकान्यात काय लिहावे, असे वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, "पडीक लिहा, निरुपयोगी." मी लिहिले. त्या गायरानात पवन्या आणि कुसळी गवत होते, बोरी होत्या, पावसाळ्यात गावची गुरे आणि दोन वाड्यांच्या शेळ्या तिथेच चरत. पुढे पाचसहा वर्षांनी ते रान सपाट करून दुसऱ्या कामाला गेले. ठरावाच्या कागदांत माझ्या तक्त्याची नक्कल जोडलेली होती. एका विधवा बाईने त्या वर्षी नऊ शेळ्या बाजारात काढल्या. तिने मला काहीच म्हटले नाही, उलट चहा पाजला. बी.एस्सी. ॲग्रीच्या चार वर्षांत मला गवतांची शास्त्रीय नावे पाठ करायला लावली होती, पण त्या रकान्यात ती लिहायला जागा नव्हती आणि मी ती मागितलीही नाही.

हैदराबादच्या पोरांनी नेमके हेच मागितले. आधी मोजा, आधी लिहा, मग काय ते ठरवा.

३ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. खंडपीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे, आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती मसीह. तेलंगण उच्च न्यायालयाच्या निबंधकांना त्याच दिवशी जागेवर जाऊन पाहायला सांगितले. त्यांनी कळवले की सुमारे १०० एकरांवरचे रान साफ झाले आहे, आणि मोर-हरणे तिथे दिसली. न्यायालयाने लगेच तोड थांबवली. १६ एप्रिलला सरकारला खडसावले की ते १०० एकर पुन्हा कसे उभे करणार ते सांगा, नाहीतर अधिकाऱ्यांना त्याच जागी तात्पुरत्या तुरुंगात ठेवावे लागेल. लांब सुट्टी साधून यंत्रे का लावली, हाही प्रश्न न्यायालयाने विचारला. ऑगस्टमध्ये पुन्हा सांगितले की आमचा विकासाला विरोध नाही, पण तोडलेले रान परत उभे राहिले पाहिजे.

जंगल म्हणजे काय, याचा निवाडा त्याआधीच झालेला आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे ते जंगल समजावे. आता कोणते रान त्या अर्थात बसते यावर वकील भांडतात, आणि भांडायला वाव आहे हेही खरे.

मुंबईत आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये असेच झाले होते. उच्च न्यायालयाचा निकाल लागताच रातोरात मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला थांबा म्हटले, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. सुट्टी आणि रात्र, या दोन वेळा ध्यानात ठेवा.

विद्यार्थ्यांच्या बाजूचे सगळेच बरोबर होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्या दिवसांत मोबाइलवर फिरलेली काही चित्रे यंत्राने बनवलेली निघाली. सरकारने त्यावर बोट ठेवले, गुन्हे नोंदवले, आणि खऱ्या हरणांची गोष्ट खोट्या हरणांखाली दबायची वेळ आली. ज्याच्याकडे खरा सातबारा आहे त्याने खोटा शिक्का मारू नये.

आता आपल्या गायरानाकडे. तलाठ्याकडून गायरानाच्या गटाचा सातबारा काढा आणि इतर हक्कांत काय लिहिले आहे ते वाचा. जंगल म्हणून नोंद आहे का, ते गाव नमुना १-अ मध्ये पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२-अ प्रमाणे मोजके अपवाद सोडले तर गायरान दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, हे ग्रामसभेत मोठ्याने सांगा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही असायला हवी. ती उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी ती बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरलेली असते आणि तीत गायरानाचा उल्लेखही नसतो. शाळेतल्या पोरांना घेऊन एका सकाळी फिरा, बरोबर शेळ्या राखणाऱ्या बाया आणि दोन म्हातारी माणसे घ्या. कोणते गवत, कोणते झाड, किती जनावरे चरतात, ओढा कधीपर्यंत वाहतो, हे तारखेसह लिहा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्या. गायरानावर एखादे भूमिहीन कुटुंब दोन एकर कसून पोट भरत असेल, तर त्याला हुसकायला या नोंदीचा उपयोग करू नका. तो प्रश्न निराळा आहे आणि त्याला निराळे शासन निर्णय आहेत.

ज्यांच्या गायरानात गवत विरळ झाले आहे त्यांनी मृगाच्या आधी मारवेलची थोंबे मिळवायची तयारी ठेवावी. ती कशी आणि किती अंतरावर लावायची, ते पुढच्या अंकात सांगेन.