आधी लिहावे, मग निवडावे

शाळा सोडून महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यास लवकरच दीर्घ निबंध लिहिण्याचा प्रसंग येतो. वाचन झालेले असते, टिपणेही तयार असतात. तरी पहिल्याच वाक्यापाशी लेखणी अडते. एक शब्द लिहावा, तो खोडावा, दुसरा शोधावा आणि अखेर पानच फाडून टाकावे, यातच रात्र सरते. आपल्या इंदुरात तर ही अडचण दुणावते. घरी व शाळेत मराठी. पण १८९१ साली स्थापन झालेल्या होळकर महाविद्यालयासारख्या संस्थेत पाऊल टाकताच निबंध बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा लागतो. मग शब्दाच्या भयाने विचारही मुका होतो.

नेमक्या शब्दाचा आग्रह हा गुणच होय. परंतु विचार कागदावर उतरण्यापूर्वीच शब्दांची पारख करीत बसणे, हे पीक येण्याआधीच धान्य पाखडण्यासारखे आहे.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण येथे मननीय आहे. मंडालेच्या तुरुंगात त्यांना शाई मिळत नसे, सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून बांधलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल, एवढेच साहित्य. पान फाडून टाकण्याची चैन तेथे नव्हतीच! अशा स्थितीत १९१०-११च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्या’चा मूळ खर्डा लिहून काढला. पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा केल्या. १९१४ साली सुटका झाल्यावर उणिवा भरून काढल्या. आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. खर्डा महिन्यांत झाला, संस्काराला वर्षे लागली. ही दोन कामे त्यांनी एकमेकांत गुंतविली नाहीत.

कोणी म्हणेल, भरभर लिहिणे म्हणजे वाटेल ते खरडणे नव्हे काय? मुळीच नाही. टिळकांच्या त्या पाच महिन्यांमागे अनेक वर्षांचे चिंतन होते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. पण त्या आठवणी त्यांच्या अंतःकरणात बालपणापासून मुरलेल्या होत्या. लेखणी वेगाने चालते ती पूर्वतयारीच्या बळावर.

म्हणून विद्यार्थी मित्रांनी आधी आपले म्हणणे एका वाक्यात निश्चित करावे. मुद्द्यांचा क्रम लावावा. मग न थांबता खर्डा पुरा करावा. परभाषेतील शब्द सुचला नाही, तर तेथे खुशाल मराठी शब्द लिहावा किंवा जागा कोरी ठेवून पुढे जावे. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी; नंतर तो मजकूर मोठ्याने वाचावा, कोश उघडावा आणि निर्दयपणे काटछाट करावी. हे सारे साधण्यासाठी निबंध देण्याच्या तारखेआधी दोन दिवस हाती हवेत, हे मात्र विसरू नये.

जे लिहिलेच नाही ते सुधारणार तरी कसे? मातृभाषेत विचार करण्याचे जे बळ शाळेने आपल्याला दिले आहे, ते एका अडलेल्या शब्दापायी वाया जाऊ देऊ नये.