११५ सामने, बिनपगारी

२०१६ साली डॉना केनेडीचा जागतिक विक्रम मोडला आणि जेड कॉन्केलला पगार सुरू झाला. दोघी स्कॉटलंडच्या, दोघी रग्बीत आठ नंबरच्या जागेवर खेळणाऱ्या. केनेडी तोवर निवृत्त झाली होती. तिच्या नावावर देशासाठी खेळलेले ११५ सामने होते आणि तितके जगात दुसऱ्या कुठल्याच बाईने खेळलेले नव्हते. इंग्लंडच्या रॉकी क्लार्कने त्या वर्षी ११६वा सामना खेळून तिला मागे टाकले. कॉन्केल ही स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेने पूर्णवेळ करारावर घेतलेली पहिली महिला खेळाडू. याचा हिशेब सरळ आहे: केनेडीचे ११५ च्या ११५ सामने बिनपगारी.

रग्बीशी आपली ओळख जेमतेम, म्हणून आठ नंबरबद्दल दोन वाक्ये. दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. या घोळक्याच्या अगदी मागे आठ नंबर असतो. पुढच्यांनी पायाने मागे ढकललेला चेंडू त्याने पायातच दाबून धरायचा, आणि वेळ साधून उचलून थेट समोरच्यांच्या अंगावर घुसायचे. कबड्डीत चढाई संपली की निदान आपल्या अंगणात परत येता येते. इथे पाडले गेलो तर उठून पुन्हा रेटारेटीत. हे काम केनेडीने दीड दशकाहून अधिक काळ केले. स्कॉटलंडकडून सामन्यांची शंभरी गाठणारी ती पहिली, आणि यात पुरुषही आले. पुरुषांत ख्रिस पॅटरसन त्या आकड्याला पोचला तो २०१० साली, तिच्यानंतर.

स्कॉटलंडच्या मुलींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १४ फेब्रुवारी १९९३ रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर झाला. आयर्लंडला त्यांनी १०-० हरवले. मैदान ऐतिहासिक. पुरुषांचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना १८७१ साली इथेच झाला. बायकांना तिथे पोचायला १२२ वर्षे लागली, पण पोचल्यावर त्यांनी वेळ दवडला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सने विश्वचषक भरवण्यातून ऐनवेळी अंग काढून घेतले, तेव्हा या नवख्या संघातल्या सू ब्रोडी आणि तिच्या मैत्रिणींनी तो एडिंबरोत भरवायचे ठरवले. हातात दिवस होते नव्वदच्या आसपास. आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाठिंबा नव्हता. न्यूझीलंडचा संघ आलाच नाही, स्पेनने शेवटच्या घटकेला नकार कळवला, तर यांनी स्कॉटलंडच्या विद्यार्थिनींचा संघ उभा करून बाराची संख्या भरून काढली. अंतिम सामना पुन्हा रेबर्न प्लेसवर झाला आणि इंग्लंडने अमेरिकेला ३८-२३ हरवले. आयोजनही करायचे आणि खेळायचेही, अशी ही स्पर्धा होती. आमच्याकडच्या हौशी नाट्यसंस्थांना हा प्रकार नवा वाटणार नाही. त्याआधी १९९१ साली वेल्समधल्या विश्वचषकाला सोव्हिएत संघ खर्च भागवायला विकण्यासाठी व्होडका आणि कॅविआर सोबत घेऊन आला होता, हेही सांगून ठेवतो. पदरमोड करणाऱ्यांची जात सगळीकडे सारखीच.

रेबर्न प्लेसचा एक धागा थेट कोलकात्यापर्यंत जातो. कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवले आणि एक चषक घडवला. त्याच्या मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी पहिल्यांदा १८७९ साली खेळले, तेही याच मैदानावर, आणि सामना बरोबरीत सुटला. तो चषक आजही पुरुषांचाच आहे. आमच्या रुपयांतून झालेल्या त्या चांदीवर केनेडीला कधी हक्क सांगता आला नाही.

तरी केनेडीच्या वाट्याला जिंकणारा संघ तरी आला. १९९८ साली स्कॉटलंडने इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंड तिघांनाही हरवून ग्रँड स्लॅम मिळवला. कॉन्केलचे तसे नव्हते. उत्तरेकडच्या इनव्हर्नेस परिसरातली ही मुलगी २०१३ साली राष्ट्रीय संघात आली, तेव्हा सिक्स नेशन्स स्पर्धेत स्कॉटलंड हरतच होता. एक वर्ष, दोन वर्षे, चार वर्षे. करार मिळाला तोही हरणाऱ्या संघातच. २४ फेब्रुवारी २०१७ रोजी कंबरनॉल्डच्या ब्रॉडवुड मैदानावर वेल्सविरुद्ध शेवटच्या क्षणी सॅरा लॉने पेनल्टी मारली, आणि १५-१४ असा सात वर्षांतला या स्पर्धेतला पहिला विजय मिळाला. मला यात विजयापेक्षा आधीच्या वर्षांचे कुतूहल जास्त. नोकरीतली रजा घालवून, अंग ठेचून घेऊन, पुन्हा हरणार हे बहुतेक ठाऊक असताना एखादी मंगळवारी संध्याकाळी सरावाला का जाते? पैशाने याचे उत्तर मिळत नाही, कारण पैसे नव्हतेच. आणि 'खेळावरचे प्रेम' हे उत्तर मला अपुरे वाटते. खेळावर प्रेम असणारे बहुतेक लोक आमच्यासारखे घरी बसून सामने पाहतात.

पुढचे चटकन सांगण्यासारखे आहे. कॉन्केल फ्रान्सला लीलकडून खेळली, मग लंडनच्या हार्लेक्विन्सकडून. स्कॉटलंड २०२२ साली दुबईत कोलंबियाला ५९-३ हरवून बारा वर्षांनी विश्वचषकात परतला, तिथे तिन्ही सामने हरला, पण त्यानंतर सुमारे तीस जणींना करार मिळाले. २०२५च्या विश्वचषकात त्यांनी वेल्सला ३८-८ आणि फिजीला २९-१५ नमवले आणि उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरले. स्पर्धेच्या तोंडावर मात्र करारांवरूनच कुरबुरी चालू होत्या. पगार सुरू होणे वेगळे आणि पुढच्या वर्षी तो असेल याची खात्री वेगळी. देशातली पहिली पगारी खेळाडू कॉन्केल दरम्यान लंडनच्या अग्निशमन दलात दाखल झाली होती.

आणि एक नाव टाळता येत नाही. शिवॉन कॅटिगन, स्कॉटलंडसाठी १९ सामने, हीसुद्धा स्क्रमच्या मागच्या फळीतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वयाच्या २६व्या वर्षी ती गेली. डोक्याला झालेल्या दुखापतींची योग्य दखल घेतली गेली नाही, असे म्हणत तिच्या कुटुंबाने कायद्याचा मार्ग धरला. बायकांच्या रग्बीचे कौतुक करणाऱ्या लेखांत ही ओळ बहुधा नसते. हौशीपणाच्या काळात फक्त पगारच नव्हता असे नाही. डॉक्टर, फिजिओ, मोजमाप, सगळ्याचीच वानवा होती, आणि करार आले म्हणून ती एका रात्रीत भरून निघत नाही.

भारतीय मुलींनी पंधरा-पंधरांचे आंतरराष्ट्रीय रग्बी सुरू केले ते २०१८ साली. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. पुढच्या वर्षी मनिलात त्यांनी सिंगापूरला २१-१९ हरवून पहिला विजय मिळवला. त्या दिवशी आपल्या किती वर्तमानपत्रांनी तो कोणत्या पानावर छापला, हे शोधायच्या फंदात मी पडलो नाही.

यंदाच्या अंकाचा विषय 'खेळ आणि पोट' ठरवला तो या वाचनातूनच. खेळाडू, प्रशिक्षक, पंच, आखाडा सांभाळणारे, अशा सर्वांना आम्ही एकच विचारले: हे सगळे चालू असताना घर कशावर चालले? काहींनी रुपया-पैशापर्यंत हिशेब दिला. काहींनी अशी विचारणा केल्याबद्दल आमची खरडपट्टी काढली. एका मल्लाने उलट आम्हालाच विचारले, तुमचा दिवाळी अंक कशावर चालतो? जाहिरातदारांची नावे शेवटच्या पानांवर आहेत, उरलेले उत्तर लेखकांना मानधनाचे पाकीट उघडल्यावर कळेल. सगळी पत्रे जशीच्या तशी छापली आहेत, खरडपट्टीसकट.