पाण्यावरची वाट

रस्त्याला कडा असते, मध्ये दुभाजक असतो, चौकात दिवा असतो आणि दिव्याखाली कधीकधी पोलिसही असतो. पाण्याला यांपैकी काहीच नसते. ज्या पाण्यात एखादे कुटुंब कमरेइतक्या लाटांत उभे असते, त्याच पाण्यातून जेट स्की धावते, पॅरासेलिंगची नौका दोर ओढत जाते, पर्यटकांनी भरलेला पिवळा फुगा गिरक्या घेतो आणि थोडे पुढे, पाण्याखाली, हौशी पाणबुडे मासे न्याहाळत असतात. मालवण-तारकर्लीपासून कळंगुट-बागापर्यंत सुटीच्या दिवशी हेच दृश्य दिसते. येथे प्रत्येक जण आनंदासाठी आलेला असतो. आपला आनंद दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. या गर्दीत वाट कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न म्हणूनच केवळ सौजन्याचा राहत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी जेट स्की एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर तोडते. सामान्य पोहणारा तेवढ्या वेळात एक मीटरही पुढे सरकत नाही. शंभर मीटरांवर असलेले यंत्र सात सेकंदांत त्याच्यापर्यंत येऊन ठेपते. पोहणाऱ्याचे पाण्यावर दिसते ते फक्त डोके, आणि उन्हात चकाकणाऱ्या लाटांमध्ये तेही हरवते. शिवाय या यंत्राचा एक गुण नवख्याला ठाऊक नसतो. मागे फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलून ते वळते. घाबरून वेगाची कळ सोडली की झोत थांबतो आणि, विशेषतः जुन्या यंत्रांत, त्याबरोबर वळण्याची शक्तीही जाते. रस्त्यावर ज्या कृतीने अपघात टळतो, ती येथे अपघात घडवू शकते. पाच-दहा मिनिटांसाठी पैसे मोजून बसलेल्या पर्यटकाला हे कोणी समजावून सांगते काय?

वाट कोणाची, या प्रश्नाचे उत्तर दर्यावर्दी लोकांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले आणि १९७७ पासून अमलात असलेले आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, यंत्रावर चालणाऱ्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी आणि शिडाच्या नौकेने जाळी टाकून बसलेल्या मच्छीमाराला. ज्याला बाजूला होणे सोपे, त्याने बाजूला व्हावे, हे यामागचे तत्त्व आहे. त्याच न्यायाने अरुंद खाडीत खोल पाण्याबाहेर जाऊ न शकणाऱ्या मोठ्या जहाजाला लहान होडीने अडवू नये, असेही हे नियम बजावतात. म्हणजे लहान-मोठेपणाला किंवा गरीब-श्रीमंतीला येथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते हालचालीच्या सामर्थ्याला. पोहणारा माणूस ही नौका नसल्यामुळे या नियमांत त्याचा उल्लेख येत नाही. पण तत्त्व मान्य केले, तर वाट मिळण्याचा पहिला हक्क त्याचाच ठरतो.

आपल्या किनाऱ्यांवर मात्र नेमके उलटे घडते. इंजिनाचा आवाज ऐकून पोहणारेच पळतात. याचा सगळा दोष नौका चालवणाऱ्यांवर ढकलणे योग्य होणार नाही. त्यांतले कित्येक जण मच्छीमार कुटुंबांतले आहेत. पावसाळ्यात धंदा बंद राहतो. कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने चालू असतात. कमाई फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असल्याने वळसा घालून जाणे म्हणजे एक फेरी बुडवणे. ज्या व्यवस्थेत सभ्यतेने वागणाऱ्याचे नुकसान होते, तेथे केवळ सभ्यतेचे आवाहन करून भागत नाही. पाण्याची वाटणीच करावी लागते.

अशी वाटणी पूर्वी झालेली आहे. सत्तरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी, किनाऱ्याला लागून मासळी खरवडून नेणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. त्यातूनच १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. १९८१ साली महाराष्ट्रातही तसा कायदा आला. किनाऱ्यालगतचे पाणी दुर्बलासाठी राखून ठेवावे, हे तत्त्व पोटासाठी मासे धरणाऱ्यांच्या बाबतीत शासनाने स्वीकारले. मौजेसाठी पाण्यात उतरणाऱ्यांच्या बाबतीत ते स्वीकारायला हरकत कोणती? गोव्यातील जीवरक्षक लाल-पिवळे निशाण रोवून पोहण्याची जागा दाखवतात. तरंगत्या पिंपांची ठळक रांग लावून ती जागा यंत्रांना पूर्णपणे बंद करावी, आणि नौकांनी किनाऱ्याला येण्याजाण्याची वाटही तशीच आखून द्यावी. त्या वाटेत पोहणाऱ्यांनी उतरू नये, हेही ओघानेच आले.

तरीही सगळे पाणी आखून देता येणार नाही, आणि तेथेच शिष्टाचाराचे काम सुरू होते. पाण्यावरचा शिष्टाचार म्हणजे गोड बोलणे नव्हे. समोरच्याची अडचण काय आहे याचे ज्ञान, हा त्याचा पाया. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी १९२८ पासून रेगाटा साजरा करीत आले आहेत. तेथील वल्हेकऱ्याची गती जिकडे, त्याची पाठ तिकडे असते. पुढे काय आहे हे त्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. ती नागमोडी जाते आणि न जाणणाऱ्याला तो तिचा लहरीपणा वाटतो. पाण्याखालच्या पाणबुड्याची खूण म्हणजे त्याच्या नौकेवरचे निळे-पांढरे निशाण. ते न ओळखता जवळून गेलेल्या नौकेचा पंखा त्याच्या डोक्यावर फिरत असतो. गळ टाकून बसलेल्याला हवे असते ते निश्चल पाणी. हे ज्याला ठाऊक आहे, तो आपोआप वेग कमी करतो. अज्ञानाने होणारा उपद्रव उद्धटपणाने होणाऱ्या उपद्रवापेक्षा कमी नसतो.

हक्क आणि हे भान यांची फारकत झाली की काय होते, ते इंग्लंडात पाहावे. तेथे लहान होड्या वल्हवणारे आणि गळ टाकणारे यांचा वाद कित्येक वर्षे चालू आहे. बहुतेक नद्यांवर नौकानयनाचा हक्क कोणाचा, यावरच तो अडलेला आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ साली कायदा करून नद्या-सरोवरांवर विनायंत्र विहाराचा हक्क सर्वांना दिला. पण जबाबदारीने वागणाऱ्यालाच तो मिळेल, अशी अट त्याच कायद्यात घातली. हक्क आणि कर्तव्य एकाच वाक्यात लिहिण्याचे हे शहाणपण अनुकरणीय आहे.

मुंबईच्या बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्या नौकेचा विहाराशी संबंध नव्हता. पण सामायिक पाण्यात वेगाला थारा दिला की एका क्षणाची चूक किती महाग पडते, हे त्या दिवशी दिसले. अपघातानंतर जीवरक्षक जाकिटांची मोजणी होते, परवाने तपासले जातात. ते आवश्यकच आहे. परंतु जाकीट बुडण्यापासून वाचवते, धडकेपासून वाचवत नाही.

समुद्र, नद्या आणि किनारे ही जनतेची ठेव असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. विश्वस्ताने ठेवीची राखण करायची ती सर्वांत दुर्बल लाभधारकाकडे पाहून. आपल्या किनाऱ्यांवर तो दुर्बल म्हणजे पहिल्यांदाच समुद्रात पाय बुडवणारे एखादे मूल. त्याच्या भोवतीचे पन्नास मीटर पाणी यंत्रांविना राखता आले, तर पुढच्या अथांग दर्यात वेगाची हौस भागवायला कोणाचीच आडकाठी असणार नाही.