मोडीचे वर्ग भरले, पण गुरू कुठे आहेत?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कोतवाल बुके, जन्ममृत्यूची रजिस्टरे, जुनी खासरापत्रके बाहेर निघाली. पुराभिलेख खात्याचे वर्ग आधीपासून होतेच, आता खासगी वर्गही गावोगाव निघाले आहेत. आठ-दहा दिवसांत बाराखडी, मग प्रमाणपत्र. आम्हाला त्याचा आनंदच आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे.

बाराखडी येणे म्हणजे मोडी वाचता येणे नव्हे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. (हौशी विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहून सगळ्यांना पाठवतो, वाचायला बसला की गप्प होतो.) आधी ओळीभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जायचे, अशी ही लिपी. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. चिटणिशी वळणावर हात बसलेला माणूस एकोणिसाव्या शतकातल्या तलाठ्याच्या खरडीपुढे अडतो. अक्षर कधी लागते, कधी लागत नाही. ते का लागत नाही हे पुस्तक सांगत नाही. शेजारी बसलेला माणूस सांगतो.

एक उदाहरण घेऊ. पत्रावर मिती आहे ‘छ १३ रमजान, सलास सबैन मया व अलफ’. तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७३. नवशिका पाठ केलेले ६०० मिळवतो आणि १७७३ लिहून मोकळा होतो. पण सुहूर सन मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रमजान सुरू झाला नोव्हेंबरच्या अखेरीस, तेव्हा हे पत्र डिसेंबर १७७२ चे. थोरले माधवराव थेऊरला १८ नोव्हेंबरला वारले होते आणि त्यांच्या जागी नारायणराव येत होते. वर्ष चुकवून पत्र १७७३ च्या अखेरीस नेले, तर तोवर नारायणरावांचा खून होऊन राघोबादादा पेशवे झालेले. एका आकड्याने पत्रातला ‘श्रीमंत’ बदलतो. हा नियम छापील मिळतो; पण तो नेमक्या वेळी आठवायला आधी कोणीतरी चार-दोनदा टोकलेले असावे लागते.

असे टोकणारे का मिळत नाहीत? शाळेत मोडी गिरवलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे, हे एक कारण. दुसरे आपल्याकडेच आहे. वाचनाचा दर पानावर ठरतो, शिकवण्याचा कशावरच ठरत नाही. दिवसभर पाने उरकणाऱ्याने शिकाऊ माणसासाठी तासभर एका ओळीवर थांबावे, तर त्याचे नुकसानच. काही जाणकार मुद्दाम हात राखून शिकवतात, उद्याचा स्पर्धक नको म्हणून. त्यांचा आम्हाला राग येतो, पण त्यांच्यावर सगळे खापर फोडणे सोपे आहे. कामे वाटणाऱ्या कचेऱ्यांनी तज्ज्ञाबरोबर एका शिकाऊ वाचकाचेही मानधन धरले, तर निम्मी अडचण सुटेल.

शिकणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. सगळे झरझर वाचून दाखवणाऱ्याच्या मागे लागू नका. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड चाळा, जिथे मजकूर गेला आहे तिथे टिंबे दिसतील. टिंबे द्यायची तयारी असलेला गुरू धरा. आज एका नोंदीवर कुणाचा जातीचा दाखला ठरतो, कुणाची जमीन ठरते. अंदाजाने भरलेला शब्द तिथे खोट्या कागदाइतकाच घातक.

आमच्या वाचकांत वीस-पंचवीस वर्षे दप्तरात घालवलेले अनेक जण आहेत. त्यांना विनंती एवढीच, की वर्ग काढू नका, वर्ग पुष्कळ झाले. पुढच्या वेळी रुमाल सोडाल तेव्हा एकाला शेजारी बसवा, त्याला आधी वाचू द्या आणि चुकला की तिथेच थांबवा.